विषाला आधी नाव लागतं

आमच्या मलकापूर-कऱ्हाडच्या लोकांसाठी समुद्र म्हणजे गुहागर. कारण साधं आहे. गुहागर–विजापूर रस्ता आमच्या दारावरूनच जातो. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, आणि रस्ता जिथे संपतो तिथे समुद्र. दिवाळीची सुट्टी लागली की गाडीत चटया, चिवडा आणि दोन कुटुंबं कोंबून आम्ही निघतो.

अशाच एका दिवाळीनंतरची गोष्ट. ऊन कलायला आलं होतं. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते. आयुष्यभर उसात राबलेला माणूस, समुद्रात पोटरीच्या वर जात नाही. अचानक ते ओरडले आणि एका पायावर लंगडत बाहेर आले. घोट्याजवळ बोटभर जखम होती आणि रक्त थांबत नव्हतं. पाचच मिनिटांत वेदना अशी वाढली की बाबा वाळूत आडवे झाले. त्यांना मी तोपर्यंत कधी रडताना पाहिलं नव्हतं.

काकांनी खिशातला रुमाल काढून पोटरीला करकचून बांधला. गर्दी जमली. कोणी म्हणालं साप, कोणी म्हणालं काच. मासळीची टोपली घेऊन जाणाऱ्या एक मावशी थांबल्या, जखम पाहिली आणि म्हणाल्या, "पाकटाचा काटा लागलाय. सोसवेल तितक्या कढत पाण्यात पाय बुडवा."

काका म्हणाले, "गरम पाण्यानं विष वर चढतं, मावशी."

आणि मी, चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून संगणकाला तर्क शिकवण्याचा पगार घेणारा, काकांच्या बाजूने उभा राहिलो. मावशी खांदे उडवून निघून गेल्या. आम्ही बाबांना गाडीत घातलं. चिपळूणच्या वाटेवर एक छोटा दवाखाना उघडा सापडेपर्यंत तास-सव्वा तास गेला. तिथल्या डॉक्टरांनी आधी रुमाल सोडवला, जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि आतल्या माणसाला हाक मारली, "गरम पाण्याची बादली आणा." अर्ध्या तासात बाबांचं कण्हणं थांबलं.

मावशींनी फुकट सांगितलेला उपाय आम्ही सव्वा तास उशिरा, केस पेपर काढून घेतला. हा लेख त्या सव्वा तासाबद्दल आहे. आम्ही का ऐकलं नाही, याचं उत्तर शोधता शोधता मी परळपासून पेनांगपर्यंत जाऊन पोचलो.

जमिनीचा नियम

आमच्या भागात विष म्हणजे साप. उसाच्या फडात घोणस, घराच्या भिंतीत मण्यार, बांधावर नाग. पलीकडे बत्तीस शिराळा, तिथली नागपंचमी सगळ्यांना ठाऊक. मलकापुरातच मोठं वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. ऊसतोडीच्या दिवसांत साप चावलेला माणूस जीपमध्ये आडवा घालून आणलेला मी लहानपणापासून पाहिलाय. त्यामुळे विषाचे नियम आमच्या अंगात मुरलेले: बांधा, हलवू नका, पळवा. (यातलं करकचून बांधणं सापाच्या बाबतीतही चूक आहे. रक्तपुरवठा तुटून पाय गमवावा लागू शकतो. पण ते आमच्याकडे अजून पुरतं पोचलेलं नाही.)

समुद्राशी आमचा संबंध जुना आहे, पण वेगळ्या प्रकारचा. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही बंदरातला माल सह्याद्री चढून आमच्याकडे येत होता. देव आला, मीठ आलं, बोंबील आणि सुकट आली. पाकटाचा काटा लागल्यावर काय करायचं, ही माहिती मात्र घाट चढली नाही. तिची कोणाला गरजच पडली नव्हती.

पाकट हा चपटा मासा. उथळ पाण्यात वाळू अंगावर ओढून निजल्यासारखा पडून राहतो. शेपटीवर करवतीसारखे दाते असलेला काटा असतो आणि काट्याच्या खोबणीत विष बनवणाऱ्या पेशी. तो माणसाच्या मागे लागत नाही. पाय अंगावर पडला की शेपटी उसळते, इतकंच. त्याचं विष प्रथिनांचं बनलेलं असतं आणि उष्णतेने प्रथिनांची घडी मोडते. म्हणून साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअस, म्हणजे कातडी भाजणार नाही पण सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास ठेवला की वेदना उतरते. काटा छातीत किंवा पोटात घुसला तर गोष्ट वेगळी. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह आयर्विन, लहानपणी टीव्हीवर मगरींशी खेळताना आपण पाहिलेला, ४ सप्टेंबर २००६ रोजी पाकटाचा काटा छातीत घुसून गेला.

ही भीती जुनी आहे. ग्रीक कथांच्या एका परंपरेत ओडिसियस ट्रॉयच्या युद्धातून आणि दहा वर्षांच्या भटकंतीतून वाचतो, आणि शेवटी पाकटाचा काटा लावलेल्या भाल्याने मरतो. भाला मारणारा त्याचाच मुलगा, बापाला न ओळखणारा. रोमन लेखक प्लिनी तर लिहितो की हा काटा झाडाच्या मुळात खुपसला तर झाड वाळतं. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विष प्राण्याच्या कोणत्या अवयवात असतं यानुसार यादी केली आहे: दात, नखं, नांगी वगैरे. त्यात हाडांत विष असणाऱ्यांमध्ये एका माशाचं नाव येतं आणि पित्तात विष असणाऱ्यांमध्येही मासे येतात. म्हणजे विष म्हणजे फक्त साप नव्हे, हे जुन्या वैद्यांना ठाऊक होतं. यादी करणं हीच त्यांची पहिली पायरी होती.

परळमधला धडा

आधुनिक प्रतिविषाची गोष्ट १८९०च्या दशकात सुरू होते. फ्रेंच डॉक्टर अल्बेर काल्मेत सायगावला होता. त्याने नागाचं विष थोडं थोडं देऊन प्राण्यांच्या रक्तात प्रतिकारशक्ती तयार केली आणि त्या रक्तातला द्रव औषध म्हणून वापरता येतो हे दाखवलं. शोध थोर होता. पण काल्मेतचा दावा त्याहून मोठा होता: नागाच्या विषावर बनवलेलं हे औषध सगळ्याच सापांवर चालेल.

या दाव्याला ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिनने हरकत घेतली आणि भारतात जॉर्ज लॅम्बने. लॅम्ब इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला अधिकारी. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तो मुंबईच्या प्लेग रिसर्च लॅबोरेटरीत काम करत होता. प्लेगची लस बनवणाऱ्या वाल्डेमार हाफकिनने उभारलेली ही संस्था १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. लॅम्बच्या प्रयोगांतून दिसलं की नागाच्या विषावर बनवलेलं औषध घोणशीच्या विषापुढे हतबल आहे. नाग श्वास बंद पाडतो, घोणस रक्ताची गोठण्याची व्यवस्थाच बिघडवते. कुलूप वेगळं, तर किल्लीही वेगळीच लागणार.

मला हे वाचताना आमच्या कामातली गोष्ट आठवली. चुकीच्या एररवर कितीही उत्तम पॅच टाकला तरी प्रोग्रॅम पडायचा तो पडतोच. लॅम्बचा धडा असा मांडता येईल: विषावर उपाय करायचा तर आधी त्या विषाचं नाव लागतं. कोणाचं विष, हे कळल्याशिवाय औषधाला अर्थ नाही.

पुढे भारताने हा धडा गिरवला. आज आपल्याकडचं प्रतिविष चार सापांच्या विषांवर मिळून बनतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यासाठीचं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुला सर्पमित्रांची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था पुरवते. घोड्यांना ते टोचलं जातं आणि घोड्यांच्या रक्तातून औषध निघतं. हे चार निवडण्यात चूक नव्हती. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतातली. माझ्या बाबांसारखी.

पण यादीत चार नावं लिहिली की पाचवं राहतंच. ते राहिलं समुद्रात.

पेनांगचा डॉक्टर, मालवणचं जाळं

समुद्रसर्प काही नवा शोध नव्हता. जोसेफ फेररने १८७२ मध्ये भारतातल्या विषारी सापांवर जो मोठा चित्रमय ग्रंथ काढला त्यात समुद्रसर्प आहेत. फ्रँक वॉलने १९०९ मध्ये समुद्रसर्पांवर स्वतंत्र प्रबंध लिहिला. साप माहीत होते. माहीत नव्हती ती त्यांनी चावलेली माणसं.

ती मोजली मलायातल्या पेनांगच्या रुग्णालयात काम करणाऱ्या अॅलिस्टर रीड या ब्रिटिश डॉक्टरने. १९५० आणि ६०च्या दशकांत त्याने समुद्रसर्प चावलेल्या शंभरावर रुग्णांची नोंद ठेवली. बहुतेक मच्छीमार. जाळ्यातून मासे काढताना किंवा गढूळ पाण्यात चालताना चावा बसलेले. रीडच्या नोंदींतून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, चावा बसूनही बहुतेकांच्या अंगात फारसं विष जात नाही. दुसरी, ज्यांच्या अंगात जातं त्यांचं सुरुवातीला कळतच नाही. चावा दुखत नाही, सूज येत नाही. अर्ध्या-एक तासाने सगळं अंग आखडून दुखू लागतं, मग लघवीला काळपट रंग येतो. विषाने स्नायू विरघळत असतात आणि त्यांचा रंग मूत्रपिंडातून बाहेर पडत असतो. माणूस तोवर घरी जाऊन झोपलेला असतो.

रीडने मोजलेल्या मृत्यूंपैकी बहुतेक चोचीसारखा जबडा असलेल्या एका समुद्रसर्पामुळे झाले होते. त्याचंच पेनांगहून मिळालेलं विष वापरून १९६०च्या दशकात मेलबर्नमध्ये समुद्रसर्पाचं प्रतिविष तयार झालं. एका डॉक्टरने मच्छीमार मोजले आणि विषाला नाव मिळालं. नावाबरोबर औषधही मिळालं.

आता नकाशावर मालवण शोधा. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर गेल्या दशकात संशोधकांनी मच्छीमारांबरोबर बसून जाळ्यात येणारे समुद्रसर्प मोजले. तिथे जे दोन साप सर्वांत जास्त येतात त्यातला एक हाच, पेनांगचा चोचीवाला. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या कपाटात मात्र चार सापांचं औषध आहे आणि त्याच्या लेबलावर समुद्रसर्पाचं नाव नाही. मालवणात कोणाला असा साप चावला आणि विष भिनलं, तर डॉक्टरच्या हातात उरतं ते सलाईन, मूत्रपिंडावर लक्ष आणि गरज पडली तर डायलिसिस किंवा व्हेंटिलेटर. त्यानेही माणूस वाचू शकतो, पण वेळेत पोचला तर. आणि वेळेत पोचण्यासाठी दुखत नसतानाही बोट परत फिरवावी लागते, त्या दिवसाचं डिझेल आणि मासळी सोडून.

गिरगावचा गणपती

शहराला समुद्राच्या विषाची आठवण झाली ती सप्टेंबर २०१३ मध्ये. गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन चालू होतं. पाट डोक्यावर घेऊन अनवाणी पाण्यात उतरलेली पन्नासहून जास्त माणसं पायाला जखमा घेऊन बाहेर आली. सुरुवातीच्या बातम्यांत गुन्हेगार जेलीफिश होता. नंतर कळलं की बहुतेक जखमा पाकटाच्या होत्या.

नावाची ही चूक किरकोळ वाटेल, पण आमच्या काकांची चूकही हीच होती. पाकटाचा काटा म्हणजे भोक पडलेली, रक्त वाहणारी जखम. काट्याचा तुकडा आत राहू शकतो आणि ती डॉक्टरने पाहायलाच हवी. जेलीफिशचा दंश म्हणजे चाबकासारखे लाल वळ. दोन्हींवर उपाय वेगळे.

जेलीफिशचे दिवसही आलेच. मच्छीमार तिला झार म्हणतात. ऑगस्ट २०१८ मध्ये जुहू आणि आसपासच्या किनाऱ्यांवर निळे फुगे वाहून आले आणि सुमारे दीडशे जणांना दंश झाल्याच्या बातम्या आल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्यात दोन दिवसांत नव्वदहून जास्त पर्यटकांवर जीवरक्षकांनी प्रथमोपचार केले. जुहूचा निळा फुगा म्हणजे ब्लू बॉटल. त्याचं दुसरं नाव पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर, पोर्तुगीज युद्धनौका. फुग्याचा आकार त्यांच्या जहाजाच्या शिडासारखा दिसतो म्हणून. वसई १७३९ मध्ये घेतली तरी हे आरमार दर पावसाळ्यात किनाऱ्याला लागतंच. त्याला स्वतःला पोहता येत नाही, वारा नेईल तिकडे जातं. पावसाळी वारे त्याला किनाऱ्यावर ढकलतात आणि नेमका तेव्हाच गणपतीचा सण असतो.

खरं तर हा एक प्राणीही नाही, एकत्र राहणाऱ्या अनेक जीवांची वसाहत आहे. खाली लोंबणाऱ्या दोऱ्या कित्येक मीटर लांब असू शकतात. त्यांवर लाखो सूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येकीत गुंडाळलेली विषारी सुई. स्पर्श झाला की सुई डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी बाहेर पडते. प्राणी मेला तरी कुप्या जिवंतच, म्हणून वाळूत पडलेला सुंदर निळा फुगा सेल्फीसाठी उचलायचा नाही.

वैद्यकशास्त्रावर या फुग्याचं मोठं ऋण आहे. १९०१ मध्ये मोनाकोच्या राजाच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी याच्याच विषावर काम सुरू केलं. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना दिलं. कल्पना अशी की थोडं विष देऊन कुत्रा पक्का होईल. झालं उलटं. काही आठवड्यांनी दुसरा, अगदी छोटा डोस दिला आणि कुत्रा काही मिनिटांत मेला. शरीराचं संरक्षणच शरीरावर उलटलं होतं. याला त्यांनी अॅनाफिलॅक्सिस हे नाव दिलं, आणि रिशेला १९१३चं नोबेल मिळालं. आज शेंगदाण्याच्या किंवा पेनिसिलिनच्या अॅलर्जीने जाणारा जीव डॉक्टर वाचवतात, त्या ज्ञानाची सुरुवात या निळ्या फुग्यापासून झाली. म्हणूनच दंशानंतर दम लागला, ओठ-चेहरा सुजला, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ रुग्णालय गाठायचं.

बाकी वेळी नियम थोडे आहेत. दोऱ्या चिमट्याने किंवा कार्डाच्या कडेने काढा. वाळूने चोळू नका, गोडं पाणी किंवा लघवी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि मग सोसवेल इतकं गरम पाणी. व्हिनेगर ऑस्ट्रेलियातल्या बॉक्स जेलीफिशसाठी सांगतात, ब्लू बॉटलसाठी तिथलेच लोक नको म्हणतात. पुन्हा तेच: आधी नाव.

एक मुलगा, एक जाळं

जानेवारी १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या कार्डवेल गावी पाच वर्षांचा एक मुलगा उथळ पाण्यात खेळताना काही मिनिटांत मरण पावला. ह्यूगो फ्लेकर नावाच्या डॉक्टरने पोलिसांना सांगितलं, ती जागा जाळ्यांनी वेढा आणि जे सापडेल ते आणा. जाळ्यात एक बॉक्स जेलीफिश आली, शास्त्राला तोवर अनोळखी. तिचं नामकरण झालं, फ्लेकरच्या नावावरून. १९७० मध्ये तिच्यावर प्रतिविष आलं. आज तिथल्या किनाऱ्यांवर पाट्या आहेत आणि शेजारी व्हिनेगरच्या बाटल्या.

आपल्याकडेही काहीच झालं नाही असं नाही. २०१३ नंतर मुंबईत विसर्जनाआधी महापालिका पाकट आणि जेलीफिशची सूचना काढते, गमबूट घाला म्हणते, मूर्ती जीवरक्षकांकडे द्या म्हणते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंश हा नोंद करणं बंधनकारक असलेला आजार ठरवायला सांगितलं. हे दोन्ही चांगलंच. पण सूचना मिळाली ती गणपती घेऊन पाण्यात उतरणाऱ्या शहराला. मालवणच्या किंवा गुहागरच्या बोटीवर रोज जाळं उपसणारा माणूस त्या नोंदवहीत वेगळा दिसणार आहे का, की 'साप – अज्ञात' या रकान्यात जाणार? माझ्या क्षेत्रातला साधा नियम आहे: जे लॉगमध्ये नाही ते दुरुस्त होत नाही. एक जास्तीचा रकाना, 'समुद्र', याला प्रतिविष बनवण्याइतका खर्च येत नाही. रीडकडेही सुरुवातीला तेवढंच होतं.

आणि दुसरी नोंद आपल्या डोक्यात करायची आहे. आम्ही त्या मावशींना नाव विचारलं नाही. त्या मात्र जखम बघताच पाकटाचं नाव सांगून गेल्या होत्या. परळच्या प्रयोगशाळेतला धडा त्यांना कोणी शिकवला नव्हता. विष कोणाचं ते ओळखा आणि मग त्याचाच उपाय करा, हे त्यांनी आम्हाला एका वाक्यात सांगितलं. आम्ही डोंगराचा नियम घेऊन समुद्रावर गेलो होतो.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा गुहागरला गेलो. गाडीत गरम पाण्याचा मोठा थर्मास होता. बाबा पाण्यात उतरणार नाहीत असं वाटलं होतं, पण उतरले. फक्त पाऊल उचलून टाकत नव्हते, वाळूत घासत घासत पुढे सरकत होते. तळाची वाळू हलली की पाकट आधीच निघून जातो, असं तिथल्या एका जीवरक्षकाने त्यांना सांगितलं होतं. काकांनी किनाऱ्यावरून विचारलं, "दादा, हे काय चाललंय?"

बाबा म्हणाले, "रात्री पाणी द्यायला जाताना काठी आपटत जातो ना बांधावरून? तेच."